बिनकानाची गाठ

कटरचं पातं खच्चकन वाजलं तेव्हा दानेश्वरी पाठमोरी होती. आवाज केवढासा, शिंप्याने दोरा तोडावा तेवढा. पण हातातला चहाचा कागदी कप तिने नकळत असा दाबला की चहा बोटांवर सांडला. वळून पाहिलं तर स्कॅनिंगच्या कंपनीतली अंकिता टेबलावर लाल रुमाल पसरून बसली होती. कापलेली गाठ तिने पायाजवळच्या पोत्यात टाकलीसुद्धा होती.

"सुटतच नव्हती मॅडम. दगड झालाय नुसता," अंकिता म्हणाली. "दिवसाला चाळीस रुमाल उरकायचे असतात आम्हाला. नाही झाले की सर ओरडतात."

"कापू नकोस. मी सोडून देत जाईन."

"सगळे? अकराशे आहेत की!"

"सगळे."

"बघा बाई. नखं राहायची नाहीत तुमची."

अंकिता मशीनकडे वळल्यावर दानेश्वरीने पोत्यातून ती गाठ उचलली. चिंचोक्याएवढी, घट्ट, रंग उडालेली. तिला कान नव्हते. ती तिने खणात ठेवली आणि खण उगाचच दोनदा उघडून बंद केला.

कचेरीच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँडच्या पलीकडे हा अभिलेख कक्ष. लोखंडी घोड्यांच्या, म्हणजे उघड्या मांडण्यांच्या, नऊ रांगा, प्रत्येक घोड्याला सात खण, सर्वांत वरच्या खणाला हात पोचायला एक लोखंडी शिडी. एप्रिलच्या सोलापुरी उन्हात ते लोखंड दुपारी हात लावू देत नाही. जुने कागद इथे चौकोनी लाल कापडात बांधून ठेवतात, त्याला रुमाल म्हणतात. समोरासमोरची दोन टोकं आधी, उरलेली दोन नंतर, आणि वर एक गाठ. गाठीखाली चिठ्ठी खोचलेली असते. रुमाल कधी उघडला, कशासाठी, कुणी उघडला आणि कुणासाठी, एवढं त्या चिठ्ठीवर. कागदांचे चार वर्ग. 'अ' म्हणजे कायम जपायचं. 'ब' आणि 'क' म्हणजे काही वर्षं. 'ड' म्हणजे वर्षभरात नष्ट. तिच्या वडिलांनी, शिवशरण अण्णांनी, सव्वीस वर्षं ही खोली सांभाळली. खळीत मोरचूद घालून फाटकी पानं चिकटवली, डांबराच्या गोळ्या मोजून ठेवल्या, कसर लागलेली पानं उन्हात न धरता सावलीत वाळवली. आणि गाठ मारली ती अशी, की टोकं अंगठ्याने आत दाबून टाकायची. दानेश्वरी आठ वर्षांची असताना त्यांनी तिच्या वेणीच्या रिबिनीवर ती गाठ शिकवली होती. तिने दोन कान काढलेली साधी गाठ मारली की ते हसायचे. "ससा केलास बघ दानव्वा. कान ठेवले की कुणीही येतं आणि ओढतं." मग स्वतः बांधायचे, आणि संध्याकाळी आईला, पार्वतम्माला, ती सोडवता सोडवता कानडीत शिव्या आठवायच्या.

ते जाऊन चौदा महिने झाले. तेव्हा निवृत्तीला अकरा महिने उरले होते. नोकरीत असताना गेले म्हणून त्यांच्या जागी तिला घेतलं. त्याआधी ती एका महाविद्यालयात तासावर मराठी शिकवायची. वर्षातले सात महिने तास मिळायचे, पाच महिने ती वाचत बसायची. पुस्तकांनी तिला दुःखाबद्दल पुष्कळ सांगितलं होतं. पण वडिलांच्या खुर्चीवर बसल्यावर उशीचा खळगा आपल्याला मोठा पडतो, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. कचेरीत तिला नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. ती अण्णांची मुलगी होती. तेवढं पुरेसं होतं. तेवढ्यावर तर ती तिथे होती.

मग रोज सकाळी ती गाठी सोडू लागली. डाव्या हाताच्या नखाने पहिला पदर सैल करायचा, सुईने दुसरा उचलायचा. एकेका गाठीला चार-चार मिनिटं. या चार मिनिटांत तिच्या बोटांखाली वडिलांची बोटं असायची, असं तिने कुणाला सांगितलं नसतं. स्वतःलाही ते तिने शब्दांत सांगितलं नव्हतं. पण आठवड्याभरात तिला गाठींवरून वर्षं ओळखता येऊ लागली. जुन्या गाठी सपाट आणि मध्यावर बरोबर. दोन हजार अठरानंतरच्या वाकड्या, एका बाजूला ओढलेल्या, कापडाचा धागा विसकटलेला. एका गाठीवर तिला दातांचे व्रण दिसले. चार बारीक खळगे, रांगेत. तिने त्यांवरून बोट फिरवलं. उजवा हात ऐकत नाही म्हटल्यावर दार लावून घेऊन त्यांनी ही गाठ दातांनी ओढली असणार. कक्षाच्या या उन्हाच्या काहिलीत, एकटे. काम टाळलं नाही, असं तिच्या मनात आलं आणि तिला बरं वाटलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

हाताचं आधी ताकाच्या पेल्यावरून कळलं होतं. मग लेंग्याची नाडी जाऊन इलॅस्टिक आलं. मग एका सकाळी ते पूजेहून उठले तेव्हा कपाळावरची विभूतीची तीन बोटं, जी आयुष्यभर पट्टीने आखल्यासारखी असत, ती पाण्यावरच्या रेघांसारखी हलली होती. आईने पाहिलं आणि चुलीकडे वळली. दानेश्वरीने ओल्या फडक्याने कपाळ पुसलं आणि आपल्या बोटांनी तीन रेघा ओढून दिल्या. त्या दिवसापासून रोज. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. कचेरीत कळता कामा नये, हे कुणी कुणाला म्हणालं नाही. तिघांनाही ते आपोआप कळलं. रविवारी ते पत्रं घरी आणू लागले. ती त्यांच्यासारखं अक्षर काढून मजकूर लिहायची, ते खाली सही करायचे. सहीला मात्र ते कुणाला हात लावू देत नसत. शेवटी, दुधनीच्या बाजूच्या त्यांच्या शेतात, त्यांच्यातल्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून पुरलं. डाव्या तळहातावर इष्टलिंग, उजवा हात मांडीवर. खड्ड्याच्या काठावरून तिने फक्त तो उजवा हात पाहिला. तो स्थिर होता.

मंगळवारी अकराच्या सुमाराला दारात एक पटकेवाला माणूस उभा राहिला. पन्नाशी उलटलेला, उन्हाने करपलेला, हातात कापडी पिशवी. मागे पंचविशीची एक बाई, पदर खोचलेला, नजर सरळ.

"शिवशरण सायेब हायती का?"

"नाहीत. आता मी बघते. काय काम होतं?"

"बदली झाली व्हय त्यांची?"

"वारले. चौदा महिने झाले."

माणसाने पटका काढला. "आरारा," तो म्हणाला आणि न विचारता बाकावर बसला. "मला ठावंच न्हाय बघा. डाळिंबं आनली हुती त्यांच्यासाठी. लई गोड निघाल्यात औंदा." त्याने पिशवी टेबलावर ठेवली. "तुमी कोन त्यांच्या?"

"मुलगी."

"मग तुमीच घ्या. लेकीनंच खावीत."

"दादा, कामाचं बोला की आधी," बाई म्हणाली. "पाचला गाडी हाय. का डाळिंबं वाटत बसायचं?"

"बोलतूय गं सृष्टे. घोड्यावर बसून आलीय का?" तो दानेश्वरीकडे वळला. "मी गुंडा, सांगोल्याकडचा. माझा बाप मायाप्पा, भीमाचा ल्योक. मेंढरांमागं जलम गेला त्याचा, शाळंचं तोंड बगितलं न्हाय. मग दाखला कुटनं येनार? जातीच्या पडताळनीला आजाची-बापाची जुनी नोंद मागत्यात. ही माझी थोरली लेक, हिचा नर्सिंगला नंबर लागला हुता, सात वर्सं झाली. नोंद न्हाय म्हनून गेला. आता धाकटी बारावीला हाय. ऐकलं की समदं कंपूटरवर चढवायला लागलेत, म्हनलं येकदा बगावं."

सांगोल्याची काही जुनी जन्ममृत्यूची पुस्तकं कधीकाळी तिथलं छत गळालं म्हणून सोलापुरात आली होती आणि परत गेलीच नव्हती. गावच्या कोतवालाने लिहिलेली ती पुस्तकं. कोण जन्मलं, कोण मेलं, बापाचं नाव, जात.

"आधी अर्ज केला होता?"

"तीनदा." गुंडाने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून तीन घड्या. "दुसऱ्या कचेरीत उबं करत न्हाईत आमाला. सायबांनी खुर्ची दिली. च्या पाजला. तीनदा शोदलं बगा त्यांनी, तीनदा. न्हाय घावलं, त्याला त्यांचा काय दोष? आमचंच नशीब फुटकं. पर त्यो मानूस लई चांगला."

"बरं," दानेश्वरी म्हणाली. तिने घड्या उघडल्या. दोन हजार अठरा, एकोणीस, एकवीस. 'आपल्या अर्जान्वये शोध घेतला असता सदर नोंद उपलब्ध अभिलेखात आढळून येत नाही.' खाली सही, दर वेळी थोडी अधिक सांडलेली. तिसरं पत्र हातात धरताच तिचा अंगठा समासावर गेला. समासाला नखाने पाडलेली घडी होती. तशी घडी अण्णा पाडत नसत. ती पाडायची.

दोघांना बाकावर थांबायला सांगून ती आत गेली. सांगोला, गाव क्रमांक एकेचाळीस. पाचवा घोडा, सातवा खण. शिडी ओढून आणताना चाकं किंचाळली. वर चढली, अकरा पायऱ्या, छताच्या पत्र्याची धग टाळूवर. रुमाल मागे सरकलेला होता आणि त्याच्यावर धूळ अशी बसली होती की ती उचलताना चादरीसारखी अखंड उठली. खाली येऊन तिने तो खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला. गाठीला कान नव्हते. गाठ सपाट होती, बरोबर मध्यावर, आणि धाग्याला धागा लागून.

तिला लगेच कळलं. हाताला आधी, डोक्याला मागाहून. तरी तिने स्वतःला सांगून पाहिलं की एखादा दिवस बरा असेल, गोळी लागू पडली असेल. चार मिनिटं लागली नाहीत, दहा लागली. गाठ अशी होती की तिला कुणी कधी त्रास दिलेला नव्हता. चिठ्ठी बाहेर आली. शेवटची ओळ: बारा जून दोन हजार नऊ, कुठल्याशा वारसाच्या कामासाठी. सही ताठ, एकाही ठिकाणी न थरथरलेली. त्याखाली कोऱ्या ओळी.

पुस्तक उघडलं. पानं कडेला तपकिरी, कोतवालाचं अक्षर ठसठशीत, देवनागरी. चौदाव्या पानावर ते होतं. सन एकोणीसशे त्रेचाळीस, मुलगा, बाप भीमा, जात धनगर. शोधायला तिला किती वेळ लागला हे तिने भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. सहा मिनिटं.

ती खुर्चीवर बसली. अंकिताच्या मशीनचा आवाज येत होता, पान उलटलं की एक हुंकार, मग दिव्याची सरक. अकरा पायऱ्या. एका हाताने शिडी धरायची आणि दुसऱ्याने रुमाल, आणि दोन्हींतला एक हात आपला नाही. खालच्या खणातले रुमाल ते दातांनी बांधत होते. पण सातव्या खणाला दात पोचत नाहीत. शिपायाला हाक मारली असती तर संध्याकाळपर्यंत सगळ्या कचेरीला कळलं असतं. मग तपासणी, मग घरी बसा. मग पार्वतम्मा, मग तासावर शिकवणारी, लग्न न झालेली मुलगी. म्हणून त्यांनी समोरच्या माणसाला खुर्ची दिली. चहा मागवला. आत जाऊन या घोड्यांमध्ये उभे राहिले असतील, अर्धा तास, पाऊण तास, खिशात हात घालून, वरच्या खणाकडे बघत किंवा न बघत. आणि बाहेर येऊन म्हणाले असतील, नाही हो सापडत. तीनदा. तिला तो रविवारही आठवला. पावसाळी हवा होती, आई शेंगाची चटणी कुटत होती. ते सांगत होते आणि ती लिहीत होती, आढळून येत नाही, त्या दिवशीचं सातवं की आठवं पत्र. "एवढ्या सगळ्यांचं सापडत नाही?" तिने विचारलं होतं, पेन न उचलता. "साकु," ते म्हणाले होते, पुरे आता. "आधी वाढ. भाकरी निवतेय." आणि ती उठून वाढायला गेली होती. तिने पुन्हा विचारलं नाही. विचारायचं नाही हे तिला तेव्हा कळलं होतं, जसं कपाळावरच्या रेघांचं कळलं होतं.

पेन टेबलावरच होतं. चिठ्ठीवर कोऱ्या ओळी पुष्कळ होत्या. एक अठरा सालची, एक एकोणीसची, एक एकवीसची. तीन तारखा आणि तीन सह्या. त्यांचं अक्षर तिच्याइतकं जगात कुणाला येत नव्हतं, आणि सहीतली थरथर तर आता तिलाही थोडे प्रयत्न करून आली असती. मग कागदावर असं उरलं असतं की शिवशरण यांनी तीनदा रुमाल उघडला आणि उताराला लागलेल्या डोळ्यांमुळे एक ओळ नजरेतून सुटली. एवढंच. नजरेतून सुटणं हा गुन्हा नाही. तिने टोपण काढलं. बाहेर गुंडा शिपायाला सांगत होता, "न्हाय वो, लई जीव लावायचा. मला म्हनायचा, गुंडाभाऊ, पानी पिलात का आदी." आणि शिपाई हसत होता. तिने नऊ सालच्या ओळीखाली, लगेच खाली, मध्ये एकही ओळ न सोडता, आजची तारीख लिहिली. आपलं नाव लिहिलं. हात स्थिर होता याचा तिला राग आला.

नक्कल तयार करून तिने दोघांना आत बोलावलं. गुंडाने कागद हातात घेतला आणि ओळ कुठली ते विचारलं. तिने बोट ठेवून दाखवलं. त्याने तिथे आपलं बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

"ह्यो माझा बाप?"

"हो. नाव नाही, पण बाप भीमा म्हणून लिहिलंय. चालेल एवढं."

"घावला की गं सृष्टे! आजा घावला तुझ्या धाकटीला. कंपूटर म्हंजी कंपूटर." त्याने पटक्याच्या शेवाने डोळे पुसले. "सायब असते तर किती बरं वाटलं असतं त्यांना."

"इथे सही लागते," दानेश्वरी म्हणाली आणि चिठ्ठी पुढे सरकवली. "ज्याच्यासाठी उघडला त्याची."

"हिलाच करू द्या. शिकल्याली हाय ती," गुंडा म्हणाला.

सृष्टीने पेन घेतलं. सही करायच्या आधी तिने चिठ्ठी वाचली. वरची ओळ, खालची ओळ, पुन्हा वरची. मग आवाज खाली आणून, शाळेत शिकवलेल्या स्वच्छ मराठीत तिने विचारलं, "दोन हजार नऊनंतर हे आजच उघडलंय?"

"हो."

"आणि आमची पत्रं?"

"न उघडता लिहिली. तिसरं मी लिहिलंय. माझ्या हाताने. त्यांचा हात हलायचा. शिडी चढता येत नव्हती. कळलं असतं तर नोकरी गेली असती."

सृष्टीने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत भांडण नव्हतं. बाजारात एखादी वस्तू उचलून, किंमत ऐकून, परत ठेवतात तसं ते पाहणं होतं. "म्हंजी माझी गेली," ती म्हणाली, "आन् तुमाला लागली. व्हय ना?"

"हो."

"काय म्हनती गं?" गुंडाने विचारलं.

"काय न्हाय दादा. सही कुटं करायची, इचारत हुते." तिने सही केली, सावकाश, पूर्ण नाव. गुंडा प्लास्टिकच्या पिशवीतून जुनी तीन पत्रं काढून टेबलावर ठेवायला लागला होता. "आता ही कशाला वागवायची? टाका की तुमच्या पोत्यात."

"ऱ्हाऊ द्यात," सृष्टी म्हणाली. तिने ती त्याच्या हातातून घेतली, नीट घडी केली आणि आपल्या पिशवीत ठेवली. दारात तिने वळून पाहिलं नाही. गुंडाने पाहिलं, आणि दोन्ही हात जोडले.

त्यांचे आवाज सायकल स्टँडपर्यंत ऐकू येत होते. बाप बोलत होता. मुलगी हूं हूं करत होती. दानेश्वरीने कधीतरी असंच हूं हूं केलं होतं, ताकाचा पेला पुसताना, विभूती लावताना, लिहिताना. ती टेबलाशी उभी राहिली. डाळिंबं तिथेच होती, चार, एकाचा मुकुट तुटलेला.

"मॅडम, हा एकेचाळीस झाला का? देता?" अंकिता आली. तिने पुस्तक उचललं, चिठ्ठी सवयीने पोत्याकडे नेली.

"ती टाकू नकोस. पहिलं पान तिचं घे."

"चिठ्ठ्या टेंडरमध्ये नाहीत मॅडम. बाकीच्या कुठल्याच नाही घेतल्या."

"ही घे."

अंकिताने खांदे उडवले आणि चिठ्ठी काचेवर पालथी ठेवली. पडद्यावर रकाने उघडले. तालुका, गाव, वर्ष तिने भराभर टाकलं. "वर्गात काय टाकू? 'ड' ना?"

पत्रा तापून कुठेतरी कट्कन वाजला. दानेश्वरीला विभूतीची पूड बोटांवर आल्यासारखी वाटली, कोरडी, थंड.

"'अ'," ती म्हणाली.

"कायम?"

"कायम."

दिवा चिठ्ठीखालून सरकत गेला. पडद्यावर ती ताठ सही उमटली, तिच्याखाली लगेच दानेश्वरीची, आणि मध्ये काहीच नाही. मग पुस्तक झालं, पानामागून पान. चारच्या सुमाराला अंकिताने गठ्ठा परत आणून दिला. दानेश्वरीने रुमाल पसरला, चिठ्ठी खोचली, समोरासमोरची दोन टोकं बांधली, मग उरलेली दोन. अंगठा सवयीने टोकं आत दाबायला गेला. तिने तो मागे घेतला. दोन्ही कान बाहेर ओढून ठेवले, लांब, कुणालाही ओढता येतील असे, आणि रुमाल वरच्या खणात न ठेवता सर्वांत खालच्या खणात ठेवला.